विषय : मेंदूने केलेल्या वर्तनाबाबत

मुलुंड पूर्वेच्या ‘सुयोग-संगम’ सहकारी गृहनिर्माण संस्थेला लिफ्ट आहे आणि लिफ्टच्या खाली चार पायऱ्या आहेत. बिल्डरने लिफ्ट जमिनीपासून का सुरू केली नाही हे बिल्डरलाच ठाऊक, आणि तो आता सापडत नाही. पंचवीस वर्षं या पायऱ्यांबद्दल कोणाची एका शब्दाची तक्रार नव्हती. पायऱ्या आहेत, उतरायच्या, झालं. मग फेब्रुवारीत तिसऱ्या मजल्यावरच्या सुगंधाबाई तोंडवळकरांना पक्षाघाताचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय गेला, जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, “नशीब म्हणा.” व्हीलचेअर आणली, ती लिफ्टमध्ये मावली, तेही नशीबच. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर मात्र नशीब पायऱ्यांशी येऊन थांबलं, ते थांबलंच.

सुगंधाबाईंचे यजमान श्यामकांत तोंडवळकर. वय चौऱ्याहत्तर. सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. या गृहस्थांची आयुष्यभर एकच श्रद्धा होती : अडलेलं काम असं जगात काही नसतंच, फक्त अर्ज नीट लिहिलेला नसतो. अशी श्रद्धा असलेला माणूस सुखी असतो. निदान त्याचं स्वतःचं काम अडेपर्यंत तरी असतो.

आणि काम ते काय! रोज अकराच्या सुमाराला गेटाशी शकु कोळीण टोपली घेऊन बसायची. पंचवीस वर्षं सुगंधाबाईंनी स्वतः खाली जाऊन, कल्ले उघडून, डोळे पाहून मासळी घेतली होती. आता श्यामकांत जायचे. ते टोपलीसमोर उभे राहायचे आणि शकु देईल ते मान डोलावून घेऊन यायचे.

“ह्या काय हाडलात?” सुगंधाबाई पिशवीत डोकावून विचारायच्या. “बांगड्याचे डोळे बघलात काय?”

“बघितले की.”

“तुमी बघलात. पण तेणा तुमका बघूक नाय. कालच मेलो तो.” मग खिडकीकडे बघत म्हणायच्या, “माका एकदा गेटापर्यंत न्या. बाकी काय्येक नको.”

एवढंच मागणं होतं. काशी नाही, युरोप नाही. गेट. लिफ्टपासून मोजून चाळीस पावलं.

पायऱ्यांच्या उजव्या अंगाला भिंतीलगत जागा होती. तिथे लोखंडी रॅम्प टाकला की व्हीलचेअर सुर्रकन खाली. भांडुपच्या फॅब्रिकेटरने माप घेतलं. पैसे श्यामकांतच भरणार होते, त्यामुळे सोसायटीत विरोध असण्याचं काही कारण नव्हतं, आणि नव्हताही. प्रश्न फक्त इतकाच की त्या जागेवर हर्षदची स्कूटर उभी असायची. हर्षद हा अध्यक्ष चंद्रप्रकाश सबनीस यांचा मुलगा, वय सव्वीस. स्कूटरला चौदा नंबरचं पार्किंग दिलेलं होतं. पण चौदा नंबर कंपाउंडच्या मागच्या बाजूला, आणि तिथून लिफ्टपर्यंत चालावं लागतं.

श्यामकांतनी एप्रिलमध्ये अर्ज दिला. सुंदर अर्ज होता. विषय, संदर्भ, नकाशा, डॉक्टरांचं पत्र, तीन प्रती. कमिटीने तो ‘विचाराधीन’ ठेवला, म्हणजे कपाटात. आणि मे महिन्यात एका रविवारी सोसायटीत मेंदू आला.

तो आणला सेक्रेटरी रुचिरा देवस्थळी यांनी. या अंधेरीच्या एका कंपनीत मनुष्यबळ विभागात मोठ्या पदावर, आणि ऑफिसात जे जे नवीन येईल ते ते आठ दिवसांत सोसायटीत आणायचं त्यांना भारी वेड. मागच्या वर्षी ध्यान आणलं होतं, त्याआधी कचऱ्यातले गांडूळ. यंदा केतन सर आले. केतन सर म्हणजे ‘न्यूरो-कोच’. बोलायला एकदम झकास. कानाला लावायचा माईक, पांढरे बूट, मागे पडद्यावर रंगीत मेंदू. बटाटेवडे आणि चहा सोसायटीतर्फे.

“तुम्ही निर्णय घेता असं तुम्हाला वाटतं,” केतन सर म्हणाले. “चूक. निर्णय तुमचा मेंदू घेतो. तुम्हाला मागाहून कळवतो. दिवसभरात तुम्ही जे करता त्यातलं पंच्याण्णव टक्के तुम्ही करतच नाही. सवय करते, भीती करते, तुमच्या मज्जासंस्थेची वायरिंग करते. सो प्लीज, स्वतःला दोष देणं बंद करा!”

श्यामकांतना हे लगेच पटलं. त्यांच्या कचेरीतही असंच होतं. निर्णय वर कुठेतरी व्हायचा आणि यांच्याकडे माहितीस्तव प्रत यायची. पण बाकीच्या सभासदांना ते नुसतं पटलं नाही, त्यांच्या जिवात जीव आला. अठ्ठेचाळीस फ्लॅटची माणसं. कोणी काय काय केलेलं असतं वर्षानुवर्षं! त्या सगळ्यातलं आपण काहीच केलेलं नाही, हे एका रविवारी सकाळी वड्याबरोबर कळलं तर कोणाला नको? लोक हसतमुखाने घरी गेले. काहींनी तर स्वतःला मोठ्या मनाने माफ करून टाकलं.

सोमवारी सकाळी श्यामकांतनी हर्षदला पायऱ्यांशी गाठलं.

“हर्षद, अरे स्कूटर जरा चौदा नंबरला लावत जा ना. रॅम्पचं अडलंय बघ तुझ्यामुळे.”

“काका, मी कुठे लावतो?” हर्षद अगदी कळवळून म्हणाला. “काल ऐकलंत ना? बेसल गँग्लिया लावतो. मेंदूतलं सवयीचं खातं असतं ते. गेटातून आत आलो की हात आपोआप इकडे वळतो. लिफ्टमध्ये शिरल्यावर मला कळतं, अरे यार, परत तिथेच लावली.”

“मग खाली उतरून हलवायची.”

“तोवर निर्णय होऊन गेलेला असतो ना, काका.”

मुलगा वाईट नव्हता. भेटला की वाकून नमस्कार करायचा, सुगंधाबाईंची चौकशी करायचा. स्कूटर तेवढी हलवायचा नाही.

आठवडाभरात सगळी इमारत विज्ञाननिष्ठ झाली. पाचशे दोनचे गृहस्थ लिफ्टच्या कोपऱ्यात पान थुंकायचे. त्यांनी सांगितलं की ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे, गरम तव्यावरून हात मागे येतो तशी. चारशे तीनने ओला आणि सुका कचरा एकत्र फेकला, कारण दिवसअखेर निर्णयक्षमता थकते. दोनशे चारच्या बाईंनी तर कमालच केली. त्या जातीपातीच्या, उच्चनीचतेच्या कडक विरोधात, दरवर्षी त्यावर लेख पुढे पाठवणाऱ्या. पण त्या म्हणाल्या, “मी काहीच मानत नाही हो, पण कामवाली लिफ्टमध्ये शिरली की माझा अमिग्डाला पेटतो. भीतीचं केंद्र आहे ते. त्याला कुठे कळतंय संविधान?” तेव्हापासून सगळ्या कामवाल्या नाइलाजाने जिन्याने जाऊ लागल्या. नाइलाज अर्थातच बाईंचा होता.

तक्रारी वाढल्या तशी कमिटी बसली. रुचिराबाईंनी मुद्दा मांडला की गुन्हा मेंदूने करायचा आणि नोटीस माणसाला पाठवायची, हे अनसायंटिफिक आहे. सर्वांनी माना डोलावल्या. लगेच पहिली नोटीस निघाली : ‘प्रति, मेंदू, द्वारा फ्लॅट क्र. ५०२.’ सात दिवसांत उत्तरही आलं. ‘आपली नोटीस माझ्या मेंदूस प्राप्त झाली. त्याने ती वाचून बाजूला ठेवली आहे. त्याचा निर्णय झाला असावा असे वाटते, परंतु त्याने मला अद्याप काही कळविलेले नाही. कळविल्यास आपणांस कळवीन.’ आता यावर कोण काय बोलणार? लिफ्टचा कोपरा लालच राहिला.

मग रीतसर कार्यपद्धती हवी असं ठरलं, आणि चंद्रप्रकाश स्वतः तिसऱ्या मजल्यावर आले.

“तोंडवळकर, मसुदा तुम्हीच करायचा. तुमच्यासारखा हात अख्ख्या मुलुंडात नाही.”

श्यामकांत फुलले. निवृत्तीनंतर सोळा वर्षांत त्यांना हे कोणी म्हटलं नव्हतं. शिवाय मनात हिशेब होता : एकदा ही नियमावली आली की कशाला सूट आणि कशाला नाही हे ठरेल, आणि रॅम्पचा मार्ग मोकळा होईल. ते तीन दिवस टेबलाशी बसून होते. चहा गार व्हायचा.

“माझो अर्ज लिवतात काय?” सुगंधाबाईंनी खुर्चीतून विचारलं.

“त्याचंच चाललंय गं. जरा वेगळ्या बाजूने.”

‘नमुना म-१ : मज्जासंस्थाजन्य वर्तनाचे घोषणापत्र’ तयार झाला. ज्या सभासदाच्या हातून काही गैर घडतं त्याने हा नमुना भरायचा, मेंदूचा संबंधित भाग लिहायचा, की त्या वर्तनाला सूट. कलम चार : सूट केवळ वर्तनास मिळेल. कलम सात श्यामकांतच्या खास अभिमानाचं होतं. पाचशे दोनवाले उद्या म-१ दाखवून लिफ्टमध्ये पिकदाणी मागतील, ही पळवाट त्यांना बरोबर दिसली होती, आणि त्यांनी ती बुजवली. त्यांनी बायकोला वाचून दाखवलं : “घोषणापत्र दिलेल्या मेंदूने केलेली कोणतीही मागणी हे लक्षण समजण्यात येईल व त्यावर कार्यवाही केली जाणार नाही.”

“आणि मागणी खरी आसली तर?”

“खरी असली तर माणूस अर्ज करेल. लक्षण कशाला दाखवेल?”

सुगंधाबाई खिडकीतून शकुची टोपली बघत होत्या. वरून माशांचे डोळे दिसत नाहीत.

महिनाभरात अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस फ्लॅटनी म-१ भरला. वॉचमन धोंडिराम यानेही एक मागितला. दुपारी खुर्चीत त्याचा डोळा लागायचा, आणि झोपेचंही मेंदूत केंद्र असतं हे त्याने जिन्याखाली उभं राहून व्याख्यानात ऐकलं होतं. कमिटीने त्याला समजावलं की तो कंत्राटी आहे. त्याचा मेंदू एजन्सीच्या अखत्यारीत येतो, संस्थेकडे वॉचमनच्या मज्जासंस्थेची तरतूद नाही. त्याचा एका दिवसाचा पगार कापला गेला.

हर्षदने आपला मंजूर म-१ लॅमिनेट करून स्कूटरच्या पुढ्यात चिकटवला. शेरा होता : ‘संरक्षित सवय. हलवू नये.’

श्यामकांत तो कागद वाचून तसेच सोसायटीच्या ऑफिसात गेले. तिथे रुचिराबाई बसल्या होत्या.

“अहो, पण रॅम्पचं काय?”

“काका, आम्ही विसरलो नाही. सवय मोडायला एकवीस दिवस लागतात, केतन सरांनी सांगितलंय. हर्षदने सुरुवातही केली होती. वीस दिवस बिचाऱ्याने रोज ठरवलं की आज चौदा नंबरला लावायची.”

“लावली का?”

“ठरवलं ना पण! आणि एकविसाव्या दिवशी मित्राचा वाढदिवस आला, त्या गडबडीत ठरवायचंच राहिलं. आता परत एकपासून मोजायचं.” मग त्यांना एकदम सुचलं. “काका, पण तुम्हीच म-१ का भरत नाही? तुमचा एकच फ्लॅट राहिलाय. आणि काकूंचा तर खराखुरा मेंदूचा प्रॉब्लेम आहे!”

खरंच की! श्यामकांतनी कपाळावर हात मारला. अख्खी इमारत मेंदूच्या नावावर सवलती घेतेय, आणि जिच्या मेंदूत खरोखरीचं काही झालंय ती तेवढी राहून गेली. त्यांनी त्याच दिवशी नमुना भरला. सोबत हॉस्पिटलची कागदपत्रं आणि एमआरआयची मूळ फिल्म. पिशवीत घालून, छातीशी धरून नेली.

मेंदू उपसमितीत तिघं होते : चंद्रप्रकाश, रुचिराबाई आणि सल्लागार म्हणून केतन सर. चंद्रप्रकाशनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. उलटी धरली होती, पण श्यामकांत बोलले नाहीत.

“यात वर्तन कुठे दिसतंय?”

“वर्तन म्हणजे… रक्ताची गाठ झाली होती. उजव्या बाजूला, हे बघा.”

“गाठ रक्तवाहिनीत,” केतन सर म्हणाले. “तो प्लंबिंगचा विषय झाला. आपण वायरिंग बघतो.”

“बरं, त्या काय करतात?” चंद्रप्रकाशनी विचारलं.

“कोण? सुगंधा? बसून असते.”

“बसण्याला संस्थेची हरकतच नाही, मग सूट कशातून देऊ?”

“अहो, तिला चालता येत नाही!”

“काका, शांत व्हा,” रुचिराबाई मऊ आवाजात म्हणाल्या. “न चालणं हे वर्तन नाही ना. वर्तनाचा अभाव आहे. कलम चार तुम्हीच लिहिलंय. त्या जिन्यात थुंकत असत्या, आरडाओरडा करत असत्या, तर पाच मिनिटांत मंजूर केलं असतं. काही करतच नाहीत का त्या?”

श्यामकांत विचारात पडले. मग म्हणाले, “बोलते.”

“काय बोलतात?”

“मनात येईल ते.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. येत्या रविवारी अकरा वाजता स्थळपाहणी करायचं ठरलं.

या बोलण्याबद्दल डॉक्टरांनी डिस्चार्जच्या कागदात लिहिलं होतं, की झटक्यामुळे मेंदूच्या पुढच्या भागाला थोडी इजा आहे. तो भाग माणसाच्या जिभेला लगाम घालतो. रुग्ण यापुढे मनात येईल ते बोलून टाकेल, घरच्यांनी समजून घ्यावं. श्यामकांतना सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात फारसा फरक जाणवला नव्हता. पण आता लेखी होतं.

रविवारी सकाळी त्यांनी तिचे केस विंचरले, बरी साडी नेसायला मदत केली आणि हळूच म्हणाले, “आज जरा काहीतरी बोल हं. मोकळेपणाने. मेंदूचं वाटायला हवं.”

“माका खाली नेतले?”

“बहुतेक.”

उपसमिती आली. चहा-बिस्किटं आली. चंद्रप्रकाश पुढे वाकून, मोठ्या आवाजात, तान्ह्या मुलाशी बोलावं तसं बोलले, “काय वहिनी, कसं वाटतंय?”

“बहिरी नाय झालंय मी,” सुगंधाबाई म्हणाल्या. “कसलो रे तू अध्यक्ष? झिलाची एक स्कूटर हलवूक जमणा नाय तुका. पोराक घाबरतस आणि आमका नोटिसा लावतस.”

चंद्रप्रकाशचं बिस्किट चहात पडलं.

“आणि तू गो,” त्या रुचिराबाईंकडे वळल्या. “हापिसात लोकांका शांत ऱ्हवाक शिकवतस आणि घरात सासूवर आरडतस. भिंती पातळ आसत आमच्या.” मग केतन सरांकडे बघून त्यांनी डोळे बारीक केले. “तुका वळाखलंय मी. गेल्या वर्सा पाण्याचो फिल्टर इकूक इलंस ना? तेव्हा आमचा पाणी खराब होता. आता डोकी खराब?”

श्यामकांतना लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर त्यांना बायकोचा असा अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

“आणि माका खाली न्या,” सुगंधाबाई शेवटी म्हणाल्या. आवाज खाली आला होता. “गेटापर्यंत. चारच पायऱ्ये आसत.”

उपसमितीची तोंडं पडतील असं तुम्हाला वाटलं असेल. छे! तिघांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. इतकं स्वच्छ लक्षण त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. “क्लासिक केस,” केतन सर पुटपुटले. रुचिराबाईंनी भराभर टिपणं घेतली : स्कूटरविषयी भ्रम, सासूविषयी भ्रम, फिल्टरविषयी भ्रम. तिथल्या तिथे सही-शिक्का झाला. श्रीमती सुगंधा तोंडवळकर यांना खरे बोलण्याची कायमस्वरूपी सूट. ‘खरे’ हा शब्द मागाहून खोडून ‘वाटेल ते’ केला.

“मग रॅम्प?” श्यामकांतनी विचारलं.

“रॅम्पचं आता काही उरलं नाही, तोंडवळकर,” चंद्रप्रकाश उठता उठता म्हणाले. “कलम सात. घोषित मेंदूने केलेली मागणी हे लक्षण. ‘खाली न्या’ ही त्यांची मागणी आम्ही आत्ताच लक्षण म्हणून नोंदवली. लक्षणावर कार्यवाही करायची म्हणजे आजाराला खतपाणी घालणं.”

“पण एप्रिलमधला अर्ज माझा आहे! माझा मेंदू शाबूत आहे!”

“अर्जात कोणासाठी लिहिलंय? ‘माझी पत्नी खाली जाऊ इच्छिते.’ इच्छा त्यांचीच ना?”

ते गेले. श्यामकांत कागद हातात घेऊन उभे राहिले. कलम सातचं वाक्य त्यांनी परत वाचलं. एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नव्हती. इतकं पक्कं वाक्य त्यांनी नोकरीतसुद्धा लिहिलं नव्हतं. त्यांना स्वतःची शिसारी आली. सत्तेचाळीस वर्षं ही बाई सांगत होती की तुमचे कागद मरोत, आणि त्यांना दर वेळी ते गमतीचं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा अर्ज न करता एक काम करायचं ठरवलं. अकरा वाजता सुगंधाबाईंना लिफ्टने खाली आणलं. गेटावरून धोंडिरामला हाक मारली, टोपली तिथेच टाकून शकुही धावत आली. धोंडिराम खालून, शकु बाजूने, श्यामकांत मागून, अशी तिघांनी व्हीलचेअर उचलली. पहिली पायरी झाली. दुसरी झाली. सुगंधाबाईंनी गेटाकडे मान उंच केली. तिसऱ्या पायरीवर खुर्चीचं चाक स्कूटरच्या हँडलमध्ये अडकलं. हँडल लॉक केलेलं. खुर्ची तिरकी झाली, धोंडिरामचा पाय सटकला, आणि सुगंधाबाई एका बाजूला कलंडल्या. शकुने त्यांना कमरेला मिठी मारून धरलं म्हणून डोकं वाचलं. पण उजवा हात भिंतीवर कोपरापासून सोलून निघाला. चांगला होता तो एकच हात.

त्या ओरडल्या. सगळ्या गॅलऱ्या भरल्या. “अगं बाई!” “अरे धरा, धरा!” पण वरून धरता येत नाही. खुर्ची पुढे जाईना, तेव्हा तिघांनी ती परत वर घेतली आणि लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर गेली.

पण सोसायटी हादरली हो. मनापासून हादरली. पाच वाजता तातडीची सभा बोलावली, आणि कधी नव्हे ते सगळे आले. दोनशे चारच्या बाई रडत होत्या. पाचशे दोनवाले म्हणाले, “माझ्या पोटात असं धस्स झालं, जेवण गेलं नाही.” हर्षदचा चेहरा पांढराफटक. तो म्हणाला, “काका, काकू कलंडल्या ना, तेव्हा माझाच हात सोलल्यासारखा दुखला. आई शप्पथ.” तो खोटं बोलत नव्हता. श्यामकांतनी त्या सगळ्यांकडे पाहिलं आणि त्यांच्या मनात आलं, माणसं चांगली आहेत. आता होईल.

केतन सर उठले. “हे जे तुम्हाला झालं ना,” ते भारावून म्हणाले, “हे मेंदूतलं सर्वांत सुंदर आश्चर्य आहे. आरसा-पेशी! दुसऱ्याला लागलेलं बघितलं की आपल्या मेंदूत त्याच पेशी पेटतात. म्हणजे मेंदूच्या दृष्टीने बघणं आणि सोसणं एकच.”

“म्हणजे काकूंचं दुःख आपण सगळ्यांनी सोसलं?” रुचिराबाईंनी विचारलं.

“सोसलं. सत्तेचाळीस कुटुंबांनी.”

सभेला गहिवरून आलं. एकट्या बाईचं दुःख सत्तेचाळीस घरांनी वाटून घेतलं, हे सहकार चळवळीत तरी कुठे झालं होतं? चंद्रप्रकाशनी ठराव मांडला : संस्थेने सौ. तोंडवळकर यांच्या वेदना स्वतःच्या मेंदूत प्रत्यक्ष सोसल्या असल्याने, त्यांच्यासाठी करण्यासारखे जे होते ते झाले आहे. ठराव एकमताने मंजूर. ज्यांना ज्यांना वाईट वाटलं त्यांची नोंद राहावी म्हणून ‘संवेदना नोंदवही’ उघडायचं ठरलं, आणि ती तिथल्या तिथे श्यामकांतपुढे आली.

“तोंडवळकर, रकाने तेवढे आखून द्या. तुमच्यासारखे सरळ कोणाला जमत नाहीत.”

ते ओरडणार होते. वही भिरकावणार होते. पण चाळीस वर्षांच्या नोकरीने वळलेला हात. पट्टी कधी घेतली, पेन कधी उघडलं, त्यांना कळलंच नाही. खाली पाहिलं तेव्हा रकाने आखून झाले होते. अनुक्रमांक, नाव, फ्लॅट क्रमांक, वाईट वाटल्याची वेळ, शेरा.

ते वर आले. सुगंधाबाई हाताला पट्टी बांधून खिडकीशी बसल्या होत्या.

“काय ठरला?”

“सगळ्यांना खूप वाईट वाटलं.”

“बरा. मगे?”



नोंदवही हल्ली पायऱ्यांशीच असते. लिहायला सपाट जागा हवी म्हणून ती स्कूटरच्या सीटवर ठेवलेली असते, आणि ही सोय झाल्यापासून स्कूटर तर मुळीच हलवता येत नाही. बाहेरचे लोकही येऊन लिहून जातात. तेव्हा वाचकहो, सुगंधाबाईंचा हात सोलला तिथे तुमच्याही काळजात जरासं हललं असेल, तर अवश्य या. नाव लिहा, किती वाजता वाईट वाटलं ते लिहा, सही करा. रॅम्पबद्दल काही लिहू नका, त्याला रकाना नाही. आणि परत घरी गेलात की तुमची स्वतःची गाडी जिथे लावता तिथेच लावा.